झीनला मजकूर पाठवण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून पाहा

स्थानिक पंक झीनसाठी, म्हणजे पंक रॉक संगीताचे चाहते स्वतःच झेरॉक्स काढून वाटतात त्या छोट्या नियतकालिकासाठी, लिहिलेला आत्मपर मजकूर पुष्कळदा केवळ पानात मावत नाही म्हणून कापला जातो, आणि कात्री नेमकी आपल्या आवडत्या ओळीवर चालते. दुमडून पिना मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत वाढत असल्यामुळे संपादकाला एखादेच जादा पान देता येत नाही. म्हणून पान आपणच तयार करून पाठवावे.

१. ए४ कागद मधोमध दुमडावा. मिळालेल्या १४८ × २१० मिलिमीटरच्या पानावर चारही बाजूंनी एक सेंटिमीटर समास सोडावा, कारण झेरॉक्स यंत्र सहसा कडेपर्यंत छापत नाही.

२. मजकूर त्या चौकटीत बसवावा. तो मावत नसल्यास अक्षर बारीक न करता पहिला परिच्छेद काढून पाहावा; आपल्याला हे संगीत कसे सापडले याची प्रस्तावना बहुधा तिथेच असते आणि तिच्यावाचून वाचकाचे काही अडत नाही.

३. पानाची झेरॉक्स काढून त्या झेरॉक्सचीच पुन्हा झेरॉक्स काढावी. पेन्सिलच्या रेषा, फिकट निळी शाई आणि छायाचित्रांतील राखाडी छटा दुसऱ्या प्रतीत उडालेल्या दिसतील. तेवढे भाग मूळ पानावर काळ्या शाईने गिरवावेत.

संपादकाकडे मूळ पानच द्यावे, झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी.

मजकुरात मित्रांचा किंवा घरच्यांचा उल्लेख असल्यास त्यांना आधी विचारावे अथवा नावे बदलावीत, कारण वाटल्या गेलेल्या प्रती परत मागवता येत नाहीत.