फरशांच्या फटींतलं तण: उपटणं सोपं, फट भरणं अवघड

तण फरशीखालून येतं असं समजून लोक अख्खी फरसबंदी उखडून खाली प्लास्टिक अंथरायला निघतात. हा खर्च फुकट जातो. फटींतलं बहुतेक तण वरूनच येतं. वाऱ्यावर आलेलं बी फटीत साचलेल्या धूळ-पाचोळ्यात पडतं आणि तिथेच रुजतं. म्हणून नुसतं उपटून भागत नाही, फट नीट भरावी लागते.

आधी उपटून घ्या, पण बी धरायच्या आत आणि जमीन ओली असताना. जुनी बोथट सुरी पुरते. कोवळ्या रोपांवर उकळतं पाणी ओतलं तरी काम होतं. पायात बूट असू द्या. हरळी आणि नागरमोथा मात्र एवढ्याने जात नाहीत. हरळीचं एक कांडं राहिलं तरी फुटतं आणि नागरमोथ्याची गाठ उपटताना तुटून खालीच राहते. नवा कोंब दिसला की काढायचा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा. गाठीतला साठा संपेपर्यंत हेच करायचं.

मीठ टाकायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. ते पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात उतरतं आणि तिथली झाडंही मारतं. व्हिनेगरने पानं करपतात, मुळं शाबूत राहतात. वर संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर आम्लाचे डाग पडतात ते वेगळेच.

आता फट भरणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच कामाने, आणि सगळ्यात जास्त घाईही लोक इथेच करतात.

फट किमान 3 ते 4 सेंमी खोल रिकामी करा. वरवर खरवडून वाळू पसरली तर खालची माती आणि मुळं तशीच राहतात. मग फरशी आणि वाळू दोन्ही पूर्ण कोरड्या होऊ द्या. हाताला कोरडी लागते एवढं पुरत नाही. मुठीत दाबून सोडल्यावर वाळूचा गोळा राहिला तर ती अजून ओली आहे. ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते, खाली पोकळी राहते आणि पहिल्या पावसात सगळं खचतं.

वाळू धुतलेली, चाळलेली, खरबरीत कणांची घ्या. समुद्राची नको, बागेतली माती तर मुळीच नको. झाडू फटींना तिरपा चालवा; फटीच्या दिशेने फिरवलात तर भरलेली वाळू उलट बाहेर येते. नंतर फरशीवर रबरी हातोडीने हलके ठोके द्या. वाळू खाली बसते, पुन्हा भरा, पुन्हा ठोका. फट भरून ती बसायची थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केलात तर वर्षभर खुरपं हातात राहील.

वाळूऐवजी सिमेंट भरू नका. सुट्या फरशा थोड्या हलतातच, सिमेंटला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा तण येतं. पाणी लागल्यावर घट्ट होणारी पॉलिमर वाळू चांगली, पण महाग. ती वापरलीच, तर पाणी मारण्याआधी फरशीवरचा कण न् कण झाडून घ्या, नाहीतर पांढरट थर बसतो आणि सहजी निघत नाही. पाणी बारीक फवाऱ्यानेच मारा.

पुढे आठवड्यातून एकदा कडक झाडू मारत जा आणि पावसाळा संपल्यावर खाली बसलेल्या फटींत कोरडी वाळू घाला. हिरवळीला लागून असलेल्या कडेकडे जास्त लक्ष असू द्या, हरळी तिथूनच आत सरकते.