थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताना : मुंबईहून निघणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

थायलंडमधल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याची इच्छा असलेले मुंबई, ठाणे, डोंबिवली परिसरातले तरुण शिक्षक अलीकडे वारंवार माझ्याकडे चौकशी करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : आपले शिक्षण मराठी माध्यमात झाले, आपले उच्चार भारतीय आहेत, तर तिथे आपला निभाव लागेल का? ईशान्य थायलंडमधील नाखोन रात्चासिमा, म्हणजे स्थानिकांच्या तोंडचे कोरात, या शहरातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत काही वर्षे शिकवल्यानंतर मी एवढे निश्चित सांगू शकते की उच्चारांवरून सहसा कोणाचे अडत नाही. अडते ते अपुऱ्या कागदपत्रांवरून, न वाचता सही केलेल्या करारावरून आणि पहिल्या सत्रात वर्ग हाताशी न आल्यामुळे.

कागदपत्रांची सुरुवात मुंबईतच आणि शक्य तितक्या लवकर करावी. विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र पुरेल असे गृहीत धरू नये. दीक्षान्त समारंभानंतरचे मूळ पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका हातात हव्यात, आणि त्या नसतील तर आधी त्यांच्यासाठी अर्ज करावा. त्यानंतर राज्य पातळीवरील पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि शेवटी थायलंडच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाचे साक्षांकन, असा हा प्रवास असतो. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांची कागदपत्रे मान्य करणाऱ्या देशांच्या करारात आहे, परंतु मी गेले तेव्हा थायलंड त्या करारात नव्हता, त्यामुळे केवळ अपॉस्टिलवर भागत नसे. सध्या काय लागते ते दूतावासाकडूनच विचारून घ्यावे, मध्यस्थाच्या सांगण्यावर विसंबू नये. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. भारतीय शिक्षकांची गणना मातृभाषा इंग्रजी असलेल्यांत होत नसल्यामुळे टोइक किंवा आयईएल्‌टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागितले जातात. टोइकमध्ये ६००च्या पुढे गुण असतील तर अर्जाला बळ येते.

व्हिसाच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. शिक्षकाला ‘नॉन-इमिग्रंट बी’ या वर्गातला व्हिसा आणि त्याशिवाय कामगार खात्याचा कामाचा परवाना, अशा दोन्ही गोष्टी लागतात. ‘आधी पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगणारे मध्यस्थ पुष्कळ भेटतात, आणि सत्र सुरू होण्याच्या घाईत शाळाही कधी कधी तोच सूर लावतात. पर्यटक व्हिसावर वर्ग घेणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे आणि पकडले गेल्यास हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते, मध्यस्थाच्या नव्हे. यासोबत थायलंडच्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवानाही महत्त्वाचा आहे. तो नसलेल्यांसाठी शाळा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागू शकते, परंतु तिचे नूतनीकरण अमर्याद नसते. बी.एड. झालेल्यांचा मार्ग पुष्कळ सुकर होतो, म्हणून ज्यांना तिथे दीर्घकाळ राहायचे आहे त्यांनी बी.एड. पूर्ण करूनच निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

करार वाचताना सर्वांत आधी पगार किती महिन्यांचा आहे ते पाहावे. थायलंडचे शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते, ऑक्टोबरमध्ये सत्र-सुट्टी असते, दुसरे सत्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते आणि एप्रिलमध्ये सोंक्रान, म्हणजे त्यांचे नववर्ष, येते. मध्यस्थ संस्थेमार्फत मिळालेल्या नोकरीत बहुधा दहा किंवा अकरा महिन्यांचाच पगार असतो, आणि उन्हाळ्याचे भाडे स्वतःच्या शिलकीतून भरावे लागते. शाळेने थेट नेमलेल्या शिक्षकाला बारा महिन्यांचा पगार मिळण्याची शक्यता अधिक असते. ब्रिटिश किंवा अमेरिकी शिक्षकाला त्याच कामासाठी आपल्यापेक्षा आणि फिलिपिनो सहकाऱ्यांपेक्षा जास्त वेतन मिळते, ही गोष्ट अनेक शाळांत उघड आहे. हे अन्यायाचे आहे, आणि त्याचा त्रास होतो. ते आधीच ठाऊक असावे, म्हणजे तिथे पोहोचल्यावर त्याचा धक्का बसत नाही आणि पगाराची बोलणी वस्तुस्थिती धरून करता येतात.

आता वर्गाविषयी. सकाळी आठ वाजता देशभर राष्ट्रगीत वाजते आणि शाळेच्या मैदानावर ध्वजवंदन होते. त्या आधी दहा मिनिटे पोहोचणे हे परदेशी शिक्षकाकडूनही अपेक्षित असते. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुले असतात, आणि महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकवलेल्या माणसाला त्या संख्येची भीती वाटत नाही. वेगळी असते ती शांतता. प्रश्न विचारला की मुले हसतात, एकमेकांकडे पाहतात, पण चुकीचे उत्तर देऊन सर्वांसमोर मान खाली घालण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करतात. आवाज चढवल्याने तिथे काहीही साधत नाही. शिक्षक सर्वांसमोर रागावला तर मान मुलाची नव्हे, शिक्षकाची कमी होते. मुलांची अधिकृत नावे लांबलचक असतात, पण प्रत्येकाला एक लहानसे हाक मारायचे नाव असते. पहिल्याच आठवड्यात बाकांचा नकाशा काढून त्यावर ही नावे लिहून घेतली, तर अर्धा वर्ग तिथेच आपला होतो.

याच ठिकाणी आपण इंग्रजी कष्टाने शिकलो आहोत, ही गोष्ट उपयोगी पडते. माझ्या वर्गातली मुले ‘स्कूल’ हा शब्द ‘सकून’ असा म्हणत. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो, सुरुवातीच्या जोडाक्षरात स्वर घुसतो आणि शेवटचा ‘स’ तर ऐकूच येत नाही. शिवाय थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि नामाचे अनेकवचनी रूप होत नाही. त्यामुळे ‘टू कॅट्स’मधला ‘स’ मुलाला केवळ उच्चारायला जड जातो असे नाही, त्याची गरजच त्याला जाणवत नाही. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे असा माझा एक सहकारी तोच शब्द पुनःपुन्हा मोठ्याने म्हणून दाखवत असे. मी मात्र फळ्यावर शब्दाचे शेवटचे अक्षर लाल खडूने लिहायचे, ते तेवढेच मुलांकडून म्हणून घ्यायचे आणि मग एकवचन-अनेकवचनाच्या चित्रांच्या जोड्या लावायला द्यायचे, कारण पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर ‘ही गोज’मधला तो शेवटचा आवाज आम्हालाही असाच घोटून घ्यावा लागला होता. शिकणाऱ्याची अडचण कुठे असते हे ज्याला आठवते, त्याच्या हाताखाली मुले धीटपणे बोलू लागतात, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे. म्हणून मुलाखतीत आपले मराठी माध्यम लपवू नये, उलट ते नेमके असे उदाहरण देऊन सांगावे.

शिक्षक-खोलीत थाई सहशिक्षकाशी संबंध चांगले ठेवणे तितकेच आवश्यक आहे, कारण प्रश्नपत्रिका, गुण आणि वरिष्ठांचे निरोप त्यांच्यामार्फतच येतात. नापास मुलाला पुन्हा काम देऊन, पुन्हा चाचणी घेऊन वर काढण्याची तिथली रीत आपल्याला पटो वा न पटो, ती धरूनच गुण-नोंदी करण्याचे वेळापत्रक आखावे.

थाई लिपी पहिल्या दिवसापासून शिकावी, असा माझा आग्रह आहे. ४४ व्यंजने पाहून नवखा माणूस घाबरतो, पण ती क, च, ट, त, प या आपल्याच वर्गांच्या क्रमाने येतात, पुढे य, र, ल, व आणि मग श, ष, स, ह, आणि ‘ह’नंतर, अगदी आपल्या वर्णमालेप्रमाणे, ‘ळ’सुद्धा येतो. क आणि ख, प आणि फ यांतला भेद आपल्या कानाला मुळातच ठाऊक आहे. कष्ट पडतात ते पाच सुरांसाठी, कारण सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. बसवरची पाटी, औषधाचे पाकीट आणि विजेचे बिल वाचता येऊ लागले की प्रत्येक लहान कामासाठी सहकाऱ्याच्या मागे लागावे लागत नाही.

राहण्यासाठी खोली घेताना सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे मागतात. विजेचा दर घरमालक स्वतः ठरवतो का, हे आधी विचारावे, आणि परदेशी भाडेकरूची नोंद इमिग्रेशनकडे चोवीस तासांत करणे ही घरमालकाची जबाबदारी असल्यामुळे त्या नोंदीची पावती मागून घ्यावी. बहुतेक खोल्यांत स्वयंपाकघर नसते. भाताचा विजेवरचा कुकर आणि एक शेगडी एवढ्यावर वरण-भात होतो. शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावे की केवळ भाज्या दिसतात म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही, त्यात माशांचा सॉस असतोच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’, म्हणजे शाकाहारी, असे लिहिलेल्या दुकानात मात्र निश्चिंतपणे खावे. दुचाकी चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा, आणि हेल्मेटशिवाय गल्लीतसुद्धा जाऊ नये.

घराशी संबंध टिकवणे तुलनेने सोपे आहे. कोरातची घड्याळे मुंबईच्या दीड तास पुढे असतात, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरचा फोन दोन्हीकडे सोयीचा होतो. मुंबईचा मोबाइल क्रमांक चालू ठेवावा, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि अनिवासी झाल्यावर बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपया-खात्यात बदलून घ्यावे. गणपतीत शाळेचे पहिले सत्र ऐन भरात असते आणि सुट्टी मिळत नाही, याचे वाईट वाटते. पण थायलंडमध्ये गणेशाला कलांचा देव म्हणून मोठा मान आहे, त्यांच्या ललित कला विभागाच्या मुद्रेवरही तोच आहे, आणि ‘आज माझ्या घरी गणपती’ एवढे म्हटले तरी सहकारी आपुलकीने चौकशी करतात.

थायलंडमध्ये सलग राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत तो कळवता येतो. ऑक्टोबरच्या सुट्टीत दसऱ्याला किंवा दिवाळीला मुंबईत यायचे असेल, तर निघण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना काढून घ्यावा. एकदाच्या प्रवासासाठी त्याचे शुल्क १,००० बाट आणि अनेक प्रवासांसाठी ३,८०० बाट आहे. तो न घेता देशाबाहेर पाऊल ठेवले की व्हिसाची मुदतवाढ रद्द होते, आणि नव्या व्हिसासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो.