लॅपटॉप उघडायच्या आधी मुलांना वेळ द्या

घरून काम करताना मूल नेमकं मीटिंगमध्येच येऊन बिलगतं, कारण सकाळपासून आपण त्याच्या वाट्याला आलेलेच नसतो. म्हणून लॉगिन करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फक्त त्याची, मोबाईल बाजूला ठेवून. नाशिकची सकाळ उन्हाळ्यातही सुसह्य असते. कृषीनगर किंवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारून आणलंत, तर पोर नंतर निवांत खेळतं.

"थोड्या वेळाने येते" हे लहानग्यांना उमगत नाही. घड्याळ दाखवा: मोठा काटा सहावर आला की मी तुझी. आणि काटा तिथे आला की खरंच उठा, दोन मिनिटांसाठी का होईना. हे पाळलं नाही, तर बाकी सगळं फुकट.

खाऊचा डबा त्यांच्या हाताला येईल असा ठेवा. पोळीचा लाडू, केळं, काहीही चालेल. हंगामात आपल्याकडे द्राक्षं घरोघरी असतात, पण पाच वर्षांखालच्या मुलाला ती अख्खी देऊ नका, घशात अडकतात. उभे चार तुकडे करा, आणि तेही तुम्ही समोर असतानाच द्या. कॉल चालू असताना तर नकोच.

आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना गृहीत धरू नका. आदल्या रात्रीच वेळ विचारून घ्या.