निधीचं वर्ष आणि पिकाचं वर्ष: शेतीच्या सामाजिक बाजूवर पीएचडीचा आराखडा कसा बांधावा

जमीन कुणाच्या नावावर आहे आणि त्यात राबतं कोण, कर्ज कुणाकडून येतं, वाटेकऱ्याचा शब्द कितपत चालतो, मुलं गाव का सोडतात, असे प्रश्न घेऊन निधीसह पीएचडी करायची असेल तर आधी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. निधी बहुतेक ठिकाणी तीन ते चार वर्षांचा असतो आणि त्याचे दिवस रुजू झाल्यापासून मोजले जातात. पीक मात्र कुणासाठी थांबत नाही. नीतिसमितीची (माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होतंय ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पेरणी उलटून गेल्यावर हातात आली, तर पेरणी पाहायला थेट पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. निधी संपला आणि प्रबंध अर्धवट राहिला, असं होण्यामागे बहुधा हेच गणित चुकलेलं असतं.

पैसा कुठून येतो

एक वाट म्हणजे जाहिरात निघालेली जागा. तिथे प्रकल्प आधीच ठरलेला असतो, तुम्ही त्यातला एक भाग उचलता. नेदरलँड्समध्ये असा संशोधक बहुतेकदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, साधारण चार वर्षांसाठी. दुसरी वाट म्हणजे स्वतःचा विषय घेऊन आधी मार्गदर्शक गाठायचा आणि मग दोघांनी मिळून फेलोशिपसाठी अर्ज करायचा. दुसऱ्या वाटेवर मोकळीक जास्त, पण पहिल्या मेलपासून निकालापर्यंत वर्षभर सहज जातं.

पात्रतेच्या अटी आराखडा लिहायला घेण्याआधी वाचा. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागांसाठी उमेदवाराने नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. त्याच देशात नुकतंच दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चांगले उमेदवार इथेच बाद होतात.

कोण पैसे देतं हे शोधायचा सोपा मार्ग आहे. ‘सोशिओलॉजिया रुरालिस’, ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’, ‘जर्नल ऑफ रुरल स्टडीज’ या नियतकालिकांचे गेल्या पाच वर्षांतले अंक काढा आणि तुमच्या विषयाजवळच्या लेखांच्या शेवटी निधीदात्याचा जो उल्लेख असतो, तो टिपून ठेवा. तीस-चाळीस लेखांत तीच तीच नावं येऊ लागतात. मार्गदर्शकांची यादीही त्याच बैठकीत तयार होते.

प्रश्न धारदार करा

‘हवामानबदलाचा ग्रामीण जीवनावर होणारा परिणाम’ हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. तोच असा मांडता येतो: ‘विहिरी आटल्यावर पिकं सोडून दुधाकडे वळलेल्या घरांत स्त्रियांच्या कामाचे तास आणि दुधाच्या पैशावरचा त्यांचा ताबा यांत काय बदल होतो?’ यात कोण, कशामुळे आणि काय मोजायचं, हे तिन्ही आलं. वाक्यातला एकही शब्द शेतावर किंवा घरात बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर ते पुन्हा लिहा.

पूर्वीचे अभ्यास इथे खरोखर शिकवतात. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवामधल्या दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं. तो अभ्यास १९४३ साली छापून आला. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचा निर्णय मुख्यतः शेजाऱ्यांकडे पाहून झाला होता. ‘माहिती कुठून मिळाली’ आणि ‘मन कशाने वळलं’ हे दोन वेगळे प्रश्न विचारले म्हणूनच हे हाती लागलं.

दोन गावांची तुलना करणार असाल तर मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांचं १९४०च्या दशकातलं काम बघा. कॅलिफोर्नियातलं आर्विन मोठ्या शेतांचं, डिनुबा लहान शेतांचं; डिनुबात दुकानं, संस्था आणि नागरी सोयी जास्त आढळल्या. पुढे टीका झाली ती गावांच्या जोडीवर: दोन्ही गावं मुळात इतर बाबतींत सारखी होती का? तुमच्या गावांबद्दलही निवड समिती हेच विचारेल. गावाचं वय, पाण्याची सोय, बाजारपेठेचं अंतर आणि जमिनीचा पोत यांचा तक्ता आराखड्यातच द्या.

३६ महिन्यांची मांडणी

पहिले आठ महिने वाचन, भाषेची तयारी, नीतिसमितीची मंजुरी आणि दोन आठवड्यांची चाचणी-फेरी. मंजुरीला दोन ते चार महिने धरा, म्हणजे अर्ज तिसऱ्या महिन्यात गेलाच पाहिजे. नवव्या ते बाविसाव्या महिन्यापर्यंत फील्डवर्क: एक पूर्ण पीकवर्ष आणि हाताशी दोन महिने. तेविसाव्या ते सत्ताविसाव्यात मुलाखती उतरवणं आणि कोडिंग, म्हणजे उत्तरांना विषयवार खुणा लावणं. उरलेले नऊ महिने लेखनाचे.

पूर्ण वर्षाचा हट्ट सोडू नका. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की बाहेरून येणारे अभ्यासक डांबरी रस्त्यालगतची घरं पाहतात आणि तीही कोरड्या दिवसांत. कोठारातलं धान्य संपत येतं, उधारी वाढते, आजारपण येतं, ते दिवस नेमके चिखलाचे असतात. सुगीनंतर विचारलेलं कर्ज आणि सुगीआधी विचारलेलं कर्ज एकाच घराचं असूनही जुळत नाही.

विचारायचं कसं

‘शेतकरी कोण?’ असं विचारलं की घरातल्या पुरुषाचं नाव सांगितलं जातं. त्याऐवजी एकेक तुकडा घ्या. प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ आणि पाच रकाने: कागदावर नाव कुणाचं, कसतं कोण, काय पेरायचं ते ठरवतं कोण, विकायला कोण जातं, पैसे कुणाच्या हातात येतात. चार तुकड्यांचं घर असेल तर वीस मिनिटं लागतात, पण खंडाने घेतलेली, तोंडी वाट्याने दिलेली आणि भावाच्या नावावर राहिलेली जमीन यातूनच उघड होते. एकूण क्षेत्र सरळ विचारलं की कुणी मालकीचं सांगतं, कुणी कसलेलं, आणि दोन्ही आकडे एकाच रकान्यात जातात.

वार्षिक उत्पन्नही थेट विचारू नका. ‘शेवटचा माल कधी विकला, किती गेला, काय भाव मिळाला’ असं एकेका विक्रीबद्दल विचारा. दूध काढायच्या वेळी मुलाखत ठेवू नका. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला पैशांबद्दल विचारलं तर उत्तर सासूचं मिळतं. अशी मुलाखत नंतर शेतावर काम करता करता पुन्हा घ्या. आधी सरपंचाच्या किंवा सहकारी संस्थेच्या अध्यक्षाच्या ओळखीने गावात शिरलात, तर पुढे मजूर तुम्हाला त्यांचाच माणूस समजतील. पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या वस्त्यांत स्वतःच पायी फिरा.

मुलाखतींचं गणित

४० मुलाखती, प्रत्येकी सव्वा तास, म्हणजे ५० तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास नीट उतरवायला चार ते सहा तास जातात. पाच धरले तर २५० तास. रोज पाच तास बसलं तरी ५० दिवस. भाषांतर करायचं असेल तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो. अर्जात हे गणित मांडा, मग ‘४०च का, १०० का नाहीत’ याचं उत्तर आपोआप मिळतं. उतरवण्याचं काम सुगीपर्यंत साठवू नका, त्याच आठवड्यात करा. काय विचारायचं राहिलं ते तेव्हाच कळतं. सर्वेक्षणासाठी कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर प्रश्नावली भरायचं, नेटवर्कविना चालणारं साधन पुरेसं आहे.

बजेटमध्ये दुभाषा, मुलाखती उतरवणं आणि गावातला प्रवास या बाबी हमखास कमी धरल्या जातात. रोजंदारीवरच्या माणसाचे दोन तास घेतलेत तर त्याची मजुरी बुडते. भरपाई द्यायची का आणि किती, हे नीतिसमितीच्या अर्जातच लिहा. काहींना दिली आणि काहींना नाही, तर गावात कुजबुज सुरू होते.

नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही. ‘१२ गायी असलेली, दूध संस्थेची माजी अध्यक्ष’ एवढं लिहिलं तरी गावाला कळतं कोण ते. असे तपशील मोडा: पद काढा, संख्या ‘१० ते १५’ अशा पट्ट्यात द्या, गरज पडली तर दोन व्यक्तींचं म्हणणं वेगवेगळ्या प्रकरणांत विभागा. नावांची किल्ली मुलाखतींपासून वेगळी, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा.

मार्गदर्शकाला मेल

२०० ते २५० शब्द पुरेत. पहिल्या दोन ओळींत प्रश्न, मग गाव किंवा भाग तोच का, तिथली भाषा येते का, त्यांच्या कोणत्या लेखातला कोणता मुद्दा तुम्ही पुढे नेणार, आणि कोणत्या फेलोशिपची मुदत कधी आहे. सोबत दोन पानांचा आराखडा. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

निवडीच्या मुलाखतीत समिती बहुधा विचारते: तुम्ही फील्डवर असाल त्याच वर्षी पीक बुडालं तर? आराखड्यात याचं उत्तर तयार हवं. तीच घरं, तोच तुकड्यांचा तक्ता, फक्त ‘कोण विकतं’ या रकान्याच्या जागी ‘आधी काय विकलं, काय गहाण टाकलं, कोण कामासाठी बाहेर गेलं आणि कधी परतलं’ असे रकाने घाला, आणि घरी राहिलेल्यांची दुसरी मुलाखत तीन महिन्यांनी ठेवा.