मुलाम्याच्या जुन्या काट्या-चमच्यांवरील ‘सेकंड’ची खूण ओळखताना या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मांडल्या जाणाऱ्या मालात, किंवा कॅम्पातील एखाद्या जुन्या घराचे सामान निघते तेव्हा, चांदीचा मुलामा दिलेले विलायती काटे-चमचे अजूनही हाती लागतात. दांडीच्या मागच्या बाजूस कारखान्याच्या ठशावर एखादी रेघ, फुली किंवा खाच दिसली की तो नग ‘सेकंडचा’, म्हणजे कारखान्यातच दोष राहिलेला दुय्यम प्रतीचा, ठरवून बाजूला टाकला जातो. हा निर्णय फार घाईचा असतो. सदोष नगावरील आपला ठसा रेघ किंवा फुली मारून रद्द करण्याची पद्धत काही कारखान्यांत होती, हे खरे. परंतु सर्वांनी पाळलेली एकच खूण या धंद्यात नव्हती. मायसेन या जर्मन कारखान्याच्या चिनी मातीच्या भांड्यांवर दुय्यम प्रतीसाठी त्याच्या तलवारींच्या चिन्हावर आडव्या खाचा पाडत असत. तोच नियम चमच्यांना सरसकट लावणे ही पहिली चूक होय. रेघ हा केवळ संशयाचा आरंभ असतो. तिच्या जोडीला नगात प्रत्यक्ष दोष सापडला, तरच तो सेकंडचा म्हणावा.

आपल्याकडे सर्वाधिक फसवणारी खूण सराफी पेढीवरची असते. वस्तू भरीव चांदीची आहे की नुसता मुलामा आहे हे पाहण्यासाठी कानशीने बारीकशी खाच पाडून त्यावर तेजाबाचा थेंब सोडतात, आणि ही खाच वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागात, म्हणजे बहुधा ठशाच्या आसपासच पडते. भिंगातून पाहिल्यास अशा खाचेत कानशीच्या दातांच्या समांतर रेषा दिसतात आणि तळाशी जर्मन सिल्व्हर ऊर्फ निकेल सिल्व्हर या मुलाम्याखालील मिश्रधातूची पिवळसर झाक उघडी पडलेली असते. छिन्नीने किंवा पंचाने मारलेल्या रेघेची खोली मात्र सारखी असते, तिच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात, आणि एकाच संचात असे अनेक नग असतील तर ती बहुधा त्याच जागी आढळते. खाचेच्या तळापर्यंत चांदी चढलेली असेल, तर ती खूण मुलामा देण्यापूर्वीची आहे असे समजावे. अर्थात त्या नगाला नंतर पुन्हा मुलामा दिलेला नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

खडकी आणि कॅम्प या लष्करी वस्त्यांमुळे आणखी एक खूण पुण्यात विचारात घ्यावीच लागते. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाचे चिन्ह असे, आणि माल सेवेतून काढून विकताना टोकाला टोक लावून दुसरा बाण उमटवत असत. हे दोन बाण झिजले की हुबेहूब फुलीसारखे दिसतात. त्यांचा कारखान्यातील दोषाशी काहीही संबंध नाही. मेस, क्लब किंवा घरमालकाने घातलेली आद्याक्षरेही याच वर्गात मोडतात.

अक्षरे आणि आकडे यांविषयीचे गैरसमज थोडक्यात सांगता येतील. ‘ईपीएनएस’ म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा. या निकेल सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. ‘ए-वन’ ही मुलाम्याची प्रत आहे. युरोपीय नगांवरील ‘९०’ हा आकडा शुद्धतेचा नसून, मोठे १२ चमचे आणि १२ काटे अशा २४ नगांवर मिळून चढवलेल्या चांदीचे ग्रॅममधील वजन दाखवतो, म्हणजे नगामागे सुमारे पावणेचार ग्रॅम. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हे व्यापारचिन्ह आहे. त्यावरून चमचा १८४७ मध्ये घडवला असे ठरत नाही.

झीज आणि दोष यांची गल्लत ही यांहून महागात पडणारी चूक आहे. चमचा टेबलावर ज्या ठिकाणी टेकतो तो वाटीच्या पाठीचा फुगवटा आणि काट्याच्या दातांची टोके यांवरील मुलामा वापराने जातो. ती झीज आहे, दोष नव्हे. नक्षीचा ठसा एका बाजूस सरकलेला असणे, काट्याचे दात असमान असणे, किंवा जेथे काही टेकत नाही अशा जागी मुलामा फोडासारखा सुटलेला असणे, हे मात्र कारखान्याकडे बोट दाखवणारे दोष आहेत. बारीक खड्डे दिसले तर त्यांच्या आत पाहावे: तळाशी चांदी असेल तर खड्डा मूळ पत्र्यातला आहे, उघडा धातू असेल तर तो बहुतेक मिठाने पाडलेला आहे.

हे सारे पाहण्यापूर्वी नग चिंच किंवा तांब्या-पितळेच्या पावडरीने घासू नये. पावडरीच्या घासण्याने पातळ मुलामा जातो आणि रेघेच्या कडाही बोथट होतात, मग तिची जात कळत नाही. मऊ कापडाने धूळ पुसून, दहापट भिंगाखाली, उजेड बाजूने तिरपा पाडून ठसा वाचावा. पुन्हा मुलामा दिलेल्या नगावर त्याआधीच्या पॉलिशने मूळ ठसाच पुसट झालेला असतो. तेथे अंधुक रेघेवरून प्रत ठरवण्याचा आग्रह सोडून मुलाम्याची आजची स्थिती आणि नगाचा बांधा यांवरच किंमत करावी.