मायलेज १७ वरून १२, दोष थर्मोस्टॅटचा निघाला

पेट्रोल गाडी, लिटरला १७ देणारी १२ वर आली, चेक इंजिन लाइट पण नाही. एअर फिल्टर, प्लग बदलले, टायरची हवा बघितली, फरक शून्य. दोन महिने नुसता वैताग. मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावला तर हायवेला अर्धा तास चालवूनही कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ६५ डिग्रीच, पाहिजे ८५-९०, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलेला आणि इंजिन गार समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतोय. खात्रीसाठी सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा पाइप हाताने बघा (फॅनपासून लांब), लगेच कोमट झाला तर हेच. इंजिन पूर्ण गार असताना कूलंट काढलं, हाउसिंग खोलून थर्मोस्टॅट नवीन गॅस्केटसकट बसवला, कूलंट भरलं, हीटर फुल ठेवून हवा काढली. आता टाकी टू टाकी १६.५.