कॅन्डिडच्या रेकॉर्डची बैठक कशी बसवावी

रेकॉर्ड जमवणारी माणसं एका खोलीत आली की पहिल्या दहा मिनिटांत भाव निघतात. कोणी कितीला घेतली, कोणाला चोर बाजारात कवडीमोलाने मिळाली, कोणाच्या भाच्याने न्यू जर्सीहून पाठवली आणि कस्टमवाल्यांनी किती कापले. मग ही ओरिजिनल की रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली, यावर आणखी अर्धा तास, आणि रेकॉर्ड अजून पिशवीतच. म्हणून माझ्याकडे पार्ल्याला जॅझच्या रेकॉर्ड ऐकायची बैठक असते तेव्हा पहिला नियम असा की चहा होईपर्यंत रुपयाचं नाव काढायचं नाही. काढेल त्याने कपबशा विसळायच्या. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी आजवर बऱ्याच विसळल्या आहेत.

अशी बैठक तुम्हाला घरी बसवायची असेल तर रेकॉर्ड कंपनी छोटी आणि अल्पायुषी निवडा. ब्लू नोटसारखी मोठी जॅझ कंपनी घेतलीत तर प्रत्येकाने वेगळंच काहीतरी ऐकलेलं असतं आणि गप्पांना मेळ राहत नाही. कॅन्डिड मात्र पाच-सहा जणांच्या फडताळांत मिळून जवळजवळ सगळी सापडते. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये आर्ची ब्लेयर यांनी आपल्या केडन्स कंपनीची जॅझ शाखा म्हणून ती काढली. केडन्स म्हणजे एव्हर्ली ब्रदर्सची गाणी काढणारी कंपनी, पैसा तिकडचा. कोणाला वाजवायला बोलवायचं हे मात्र नॅट हेन्टॉफ या समीक्षकावर सोडलेलं. १९६१ सरता सरता कारभार आटोपला. रेकॉर्ड निघाल्या तिशीच्या आसपास, पण त्यांत बासवाला मिंगस, ड्रमर मॅक्स रोच, गायिका अॅबी लिंकन, पियानोवाला सेसिल टेलर, ट्रम्पेटवाला बुकर लिटल, सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी आणि ब्लूजवाले ओटिस स्पॅन, लाइटनिन हॉपकिन्स. एवढ्या थोड्या दिवसांत एवढं काम फार कमी कंपन्यांनी केलं असेल.

बोलावणं सहा-सात जणांना. त्यातला एक जण रेकॉर्ड न जमवणारा हवाच, कारण भाबडे प्रश्न तोच विचारतो आणि उत्तरं देताना बाकीच्यांच्या आठवणी सुटतात. प्रत्येकाने एकच रेकॉर्ड आणायची आणि आधीच फोनवर सांगून ठेवायचं की हिच्याबद्दल चार गोष्टी आठवून या: कुठे मिळाली, कोणाकडून, पहिल्यांदा कुठल्या प्लेअरवर लावली, आणि त्या वेळी घरात कोण होतं. चौथा प्रश्न विसरू नका. पहिल्या तिन्हींची उत्तरं लोकांनी घासूनपुसून तयार ठेवलेली असतात. चौथ्याला ते अडखळतात आणि मग खरं बोलू लागतात.

मुंबईत या रेकॉर्ड आल्या कशा, हे त्यातूनच कळतं. आयात परवान्याच्या काळात परदेशी एलपी दुकानात सहज मिळत नसे. त्या बोटीवरच्या माणसांनी आणल्या, विमान कंपनीतल्या ओळखीच्यांनी आणल्या, परत जाणाऱ्या परदेशी साहेबांच्या सामानातून विकल्या गेल्या. ऐकणारे आधीच तयार होते: १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर लागायचा, १९५८ मध्ये पियानोवाला डेव्ह ब्रूबेक इथे वाजवून गेला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन. आमच्याकडे येणारे बांद्र्याचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे वडील रात्री हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात, त्या काळच्या कितीतरी गोवेकर वादकांसारखे. घरी आलेली नवी रेकॉर्ड ते आधी कमी वेगावर लावून फ्रेज उतरवून घेत, म्हणजे ३३ची रेकॉर्ड १६वर. मुलांना हेच मूळ संगीत वाटायचं! हा किस्सा आम्हाला चौथ्या प्रश्नातून मिळाला.

आता ओरिजिनल-रीइश्यूचं, कारण तो वाद टळत नाही. तेव्हा यजमानाने तो दोन मिनिटांत मिटवावा. मूळ कॅन्डिडच्या मोनो रेकॉर्डवर सीजेएम आणि आठ हजारांतला नंबर, स्टिरिओवर सीजेएस आणि नऊ हजारांतला. मॅक्स रोचची ‘वी इन्सिस्ट!’ मोनोमध्ये ८००२, स्टिरिओमध्ये ९००२. केडन्सच्या टेप पुढे १९६४ मध्ये गायक अँडी विल्यम्सने घेतल्या आणि सत्तरच्या दशकात त्याच्या बार्नबी कंपनीने यातल्या बऱ्याच पुन्हा काढल्या. लेबलवर बार्नबीचं नाव दिसलं की रीइश्यू समजा. १९८९ मध्ये सगळा माल ब्रिटनच्या अॅलन बेट्सकडे गेला, आणि २०२२ पासून नव्या मालकांनी नव्याने छापलेल्या एलपी बाजारात आहेत. माझ्या मते बैठकीला कुठलीही चालते. उलट मला तर आवडते ती जिच्या कव्हरवर कोणीतरी बॉलपेनने आपलं नाव, साल आणि ‘परत करणे’ असं लिहिलेलं आहे. बाजारात तिची किंमत निम्मी होते, गप्पांत दुप्पट.

बैठक पावसाळ्यात असेल तर आदल्या रविवारी सगळ्या रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरक्या धरा. आपल्या हवेत बुरशी येतेच: खोबणींवर राखाडी ठिपके, मधूनच कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ. कोरडं फडकं मारलंत तर ती खोबणीत आणखी बसते. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, आणि मऊ मखमली ब्रशने खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मधलं कागदी लेबल भिजू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा आणि उभी वाळवा. मी स्टीलचं ताटाळं वापरते, कप्प्यांना जुन्या साडीची पट्टी गुंडाळून. लोक स्पिरिटही सांगतात; एलपीला थोडं चालतं, पण लाखेच्या जुन्या ७८च्या तबकड्यांना अजिबात लावू नका, लाख विरघळते. जुनी कागदी आतली पाकिटं टाकून द्या, बुरशी त्यांतच मुक्काम करते. बाहेरचं कव्हर मात्र कितीही कळकट असलं तरी ठेवा.

मोनो रेकॉर्ड लावताना अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. खरखर बरीच खाली जाते, आणि समोरचा माणूस ‘तुम्ही नवी सुई घेतलीत का’ म्हणून विचारतो.

क्रम हा बैठकीचा जीव. सुरुवात ‘चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस’ने करा, कारण यजमानाचं काम तो स्वतःच करतो. ऑक्टोबर १९६० मध्ये नोला पेंटहाउस स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झालं. समोर एकही श्रोता नव्हता. तरी मिंगस नाइटक्लबमध्ये असल्यासारखा बोलतो: मध्येच टाळ्या नकोत, ग्लासातला बर्फ वाजवू नका, गल्ल्याची घंटाही नको. हे ऐकताना आमच्याकडे चमचे आपोआप बशीत थांबतात. पियानो नाही, टेड कर्सनचा ट्रम्पेट, एरिक डॉल्फीचा सॅक्सोफोन, डॅनी रिचमंडचे ड्रम्स आणि मिंगसचा बास, बस. पहिल्या बाजूला ‘ओरिजिनल फॉबस फेबल्स’ आहे. ऑर्व्हल फॉबस हा आर्कान्सासचा गव्हर्नर. १९५७ मध्ये त्याने लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी नॅशनल गार्ड उभे केले. १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीने हीच रचना शब्द वगळून काढली होती. कॅन्डिडवर मिंगस आणि रिचमंड शिव्यांसकट गातात. दोन्ही रेकॉर्ड असतील तर पाठोपाठ लावा. इतिहासाचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

दुसऱ्या बाजूच्या ‘व्हॉट लव्ह’मध्ये मिंगसचा बास आणि डॉल्फीचं बास क्लॅरिनेट अक्षरशः भांडतात. इथे कोणालाही बोलू देऊ नका. खयाल ऐकणाऱ्यांना हे पटकन कळतं, जॅझवाल्यांना आधी तांत्रिक टिप्पणी करायची असते.

मग रोचची ‘वी इन्सिस्ट!’. कव्हर हातोहात फिरवा: खानावळीच्या काउंटरवर बसलेले कृष्णवर्णीय तरुण, मागे वळून कॅमेऱ्याकडे बघणारे, आणि पलीकडे गोरा वाढपी. फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोत गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर बसून कृष्णवर्णीयांनी सुरू केलेल्या धरण्यांची आठवण त्यात आहे. सुई ‘ड्रायव्हा मॅन’वर ठेवा आणि टाळी द्यायला सांगा. पाच मात्रा आहेत, पहिलीवर रोच काठीने असा फटका मारतो की तो गुलामांवरच्या मुकादमाचा आसूड आहे हे सांगावं लागत नाही. झपतालाची सवय असलेल्याला दोन आणि तीन असे हात लगेच बसतात. आमच्याकडे तबला शिकलेल्या एका बाईंनी पहिल्याच आवर्तनात सम पकडली आणि तीस वर्षं जॅझ ऐकणारे दोघे अजून मोजत होते. कोलमन हॉकिन्सच्या टेनर सॅक्सोफोनमधून मध्येच एक चिरका सूर निसटतो. तो काढून टाकू नका असं हॉकिन्सनेच सांगितलं. ती जागा आली की बोट वर करून दाखवा.

त्याच बाजूच्या शेवटी ‘ट्रिप्टिक’ आहे, नुसती अॅबी लिंकन आणि नुसते ड्रम्स. मधल्या भागात ती किंचाळते, मिनिटभराहून जास्त. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. चेष्टा नाही, आमच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवून विचारून गेल्या आहेत. हा भाग कोणाला नको वाटतो, कोणाला अतिरेकी. ते म्हणू द्या, पण रेकॉर्ड पूर्ण झाल्यावर. ‘टीअर्स फॉर जोहान्सबर्ग’ दुसऱ्या बाजूला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या मार्च १९६० च्या शार्पव्हिल हत्याकांडाचा संदर्भ दोन वाक्यांत देऊन लावा.

इथे चहा. बटाटेवडे, भजी काही नको, तेलकट हात कव्हरला लागतात. भडंग, सुकी चकली, बस्स. आता भाव बोलायला परवानगी, आणि गंमत अशी की एवढं ऐकल्यावर फारसं कोणी बोलत नाही.

चहानंतर बुकर लिटलची ‘आउट फ्रंट’. तो ट्रम्पेटवाला ऑक्टोबर १९६१ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला. रेकॉर्ड त्याच वसंतातली. दुःखी म्हणून लावू नका, रचना ऐकण्यासाठी लावा: मात्रा बदलत जातात, रोच ड्रम्सशिवाय टिंपनी आणि व्हायब्राफोनही वाजवतो. वेळ उरला तर सेसिल टेलर. त्याला मी नेहमी शेवटी ठेवते, कारण त्यानंतर दुसरं काही लावता येत नाही.

आठवणी टिपायच्या असतील तर फोन स्पीकरपासून लांब, बोलणाऱ्यांच्या मध्ये ठेवा आणि रेकॉर्ड वाजत असताना बंद करा. माणसं आठवणींत साल चुकतात, ठिकाणं एकमेकांत घालतात. ‘न्यूपोर्ट रेबल्स’ ही त्या बंडखोर महोत्सवातली रेकॉर्ड, असं कोणीतरी हटकून सांगतं. मिंगस आणि रोच यांनी जुलै १९६० मध्ये न्यूपोर्टच्या मुख्य जॅझ महोत्सवाला उत्तर म्हणून क्लिफ वॉक मॅनरला वेगळं वाजवलं हे खरं. रेकॉर्ड मात्र नंतर स्टुडिओत झाली. वाद झाला की कव्हरमागचा मजकूर मोठ्याने वाचायचा, तोच पंच. वैयक्तिक आठवणीला मात्र पंच लावू नका. कोणी म्हणालं की हे मी रिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानातल्या केबिनमध्ये ऐकलं, तर ऐकलं. दुकान २०१६ मध्ये बंद झालं, केबिन तपासायला कोणी जाणार नाही.

शेवटी प्रत्येकाकडून अर्ध्या पानावर लिहून घ्या: रेकॉर्डचा नंबर, कुठून आली, काय आठवलं, तारीख. पेन्सिलने लिहा, आणि कागद कव्हरवर ठेवून लिहू नका, खाली उमटतं. तो कागद रेकॉर्डबरोबर कव्हरात जातो. एक फोटो यजमानाच्या वहीसाठी. पुढच्या वेळची जागा त्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर गणपती येतात, मग दिवाळी, आणि डॉक्टर म्हणतात बघू जानेवारीत.